तांब्याचा चमचा आणि स्वीडनचं तळं

स्वीडनच्या तळ्यावर मासा धरायला जायचं म्हणून मी आतापर्यंत जो प्रवास केला, तो येरवड्याहून कसबा पेठ, कसब्यातून परत येरवडा आणि मग वाघोली एवढाच आहे. स्वीडन अजून लांब आहे. तरीही हे प्रवासवर्णनच आहे असं मी धरून चाललोय. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी इथेच उतरावं, पुढे मी गाडी थांबवणार नाही.

माझी मुलगी प्रज्ञा तिकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. रविवारी मी विहारातून वंदना करून आलो की तिचा फोन येतो. सुरुवातीची काही वर्षं हा फोन म्हणजे निव्वळ हजेरी होती. ‘जेवलात?’ ‘जेवलो.’ ‘गोळी घेतली?’ ‘घेतली.’ ‘थंडी आहे का गं?’ ‘आहे.’ मग आम्ही तिघं पडद्यावर एकमेकांकडे बघत बसायचो. माझ्या बायकोच्या, सुलोचनाच्या, पोळ्या राहिलेल्या असायच्या, ती उठायची. मग ‘ठेवू का?’, ‘ठेव.’ फोन बंद झाला की वाटायचं, विचारायचं ते सगळं राहूनच गेलं. आणि काय विचारायचं होतं ते मात्र काही केल्या आठवायचं नाही.

एका रविवारी प्रज्ञा म्हणाली, “बाबा, काल तळ्यावर गेले होते. लाकडी धक्क्यावर उभी होते, तर लव्हाळ्यात एक मासा दिसला. एकटाच. हलत नव्हता, नुसता टपून उभा. अगदी आपल्या मरळीसारखा.”

मी चष्मा लावला. का लावला कोण जाणे, मासा काही पडद्यावर नव्हता.

आता मरळ म्हणजे काय ते सांगायला हवं. मी मूळचा भंडाऱ्याचा. तिथे गावागावात बोडी असते (आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात). त्या बोडीतल्या गवतात मरळ दबा धरून बसते आणि जवळून जाणाऱ्या लहान माशावर झडप घालते. लहानपणी मी तिच्यामागे आख्खी दुपार घालवायचो. पुढे पुण्यात आलो, नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. जन्म पुण्यात गेला, पण तोंडातून ‘आमच्याकडे’ निघालं की समजावं, मी भंडाऱ्याबद्दल बोलतोय. प्रज्ञा लहानपणी मला चिडवायची, “बाबा, आमच्याकडे म्हणजे तुमच्याकडे ना? आमच्याकडे म्हणजे येरवडा.”

तर प्रज्ञाला दिसलेला तो मासा म्हणजे नॉर्दर्न पाइक. हिरवट अंग, त्यावर फिकट ठिपके, बदकासारखं चपटं तोंड आणि तोंडात आतल्या बाजूला वळलेले दात. तिकडच्या भाषेत त्याचं नाव येड्डा असं काहीसं उच्चारतात. हे ऐकल्यावर आमची सुलोचना स्वयंपाकघरातून म्हणाली, “बरं झालं बाप्पा, तुम्हाला जोडीदार मिळाला.”

त्या रविवारी आम्ही फोन ठेवला तेव्हा आमटी गार झाली होती. त्याच बोलण्यात ठरलं की सप्टेंबरात, पाणी गार व्हायला लागलं की, मी तिकडे जायचं. ती एक होडी घेईल, आणि बापलेक आख्खा दिवस पाण्यावर काढू. आख्खा दिवस! प्रज्ञा कॉलेजात गेल्यापासून तिचा आख्खा दिवस माझ्या वाट्याला आलेला नव्हता.

मी लागलीच तयारीला लागलो. कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि हिंग मिसळून गोळ्या वळल्या, सावलीत वाळवल्या आणि पुढच्या रविवारी पडद्यासमोर धरून विचारलं, “विमानात नेऊ देतात ना?” प्रज्ञा इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाबा, तो मासे खातो हो. पोळ्या नाही खात.”

गळाला कणीक लावून झाडाखाली बसणं एवढंच मला येत होतं. या माशासाठी मात्र धातूचा एक पत्रा लागतो, चमच्याच्या खोलगट भागासारखा, बिनदांड्याचा, खाली गळ अडकवलेला. तो लांब फेकायचा आणि काठीला लावलेली दोऱ्याची चक्री फिरवत पाण्यातून ओढत आणायचा. ओढताना तो लचकतो, चमकतो, आणि येड्ड्याला वाटतं की जखमी मासोळी चालली आहे. मासा धरला की मोजायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, अशी तिकडची रीत.

“सोडायचा?” सुलोचना म्हणाली. “मग एवढं विमानानं कशाला जायचं? रिकाम्या हातानं तर वाघोलीहूनसुद्धा येता येतं की. बापलेकींनी वर्षानुवर्षं तेच केलं.”

तिचं खोटं नव्हतं. प्रज्ञा शाळेत असताना सुटीच्या दिवशी मी तिला स्कूटरवर पुढे उभी करून वाघोलीच्या दगडखाणीवर न्यायचो. खाण बंद पडून तिच्यात पाणी साचलेलं होतं. काठाच्या दगडावर बसलो की कणकेचा डबा प्रज्ञाच्या मांडीवर असायचा, आणि निम्मी कणीक ती मुंग्यांना घालायची.

धातूचे ते चमचे तिकडच्या दुकानात तयार मिळतात, प्रज्ञानं सांगितलं. मी म्हणालो, अजिबात नाही, मी पुण्यातून तांब्याचे ठोकून आणतो. एक तुला, एक मला. कौतुक कारागिरीचं होतं असं नाही. तयार चमचे घेतले असते तर पुढच्या रविवारी बोलायला काय उरलं असतं?

म्हणून मी कसब्यात गेलो. येरवड्याहून बसनं महापालिकेपाशी उतरलो आणि पुढे चालत. कसब्यात चालतच जावं, रिक्षावाले आत शिरताना असं तोंड करतात की आपणच खाली उतरून ढकलावं. तांबट आळी डोळ्यांआधी कानाला सापडते. ठक ठक ठक, प्रत्येक दारातून वेगळ्या पट्टीत. एका दारात घंगाळ उपडं घालून एक गृहस्थ त्यावर मठारकाम करत होते (मठारकाम म्हणजे हातोडीनं पत्र्यावर एकसारखे बारीक खळगे उठवणं). मी कागदावर काढलेला आकार दाखवला. त्यांनी हातोडी न थांबवता बघितला.

“हा कसला चमचा? दांडा कुठाय?”

“दांडा नकोय. माशासाठी आहे.”

“मासा चमच्यानं खातो?”

“खात नाही. चमचाच गिळायला येतो.”

आता हातोडी थांबली. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “आतून कल्हई करून देऊ का? नाही, मासा आंबट खात असेल तर बाधायला नको.”

मी कुठे जाणार, मुलगी कुठे असते, मासा कसा टपून राहतो, हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. ऐकता ऐकता त्यांनी एक तुकडा कापला, लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवला आणि कडेकडेनं ठोकत खोलगट केला. मी म्हणालो, एका बाजूला जरा जास्त वळवा, म्हणजे लचकेल. ते म्हणाले, “फिटर दिसताय. फिटर लोकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.” दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा दोन्ही चमचे तयार होते. अंगावर मठाराचे खळगे, माशाच्या खवल्यांसारखे. उन्हात धरले तर डोळे दिपत होते. “तुमची मुलगी इकडे कधी येणार?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मीच तिकडे जाणार. ते म्हणाले, “ते झालंच. पण ती कधी येणार?” मी चमचे खिशात टाकले आणि निघालो.

येड्ड्याचे दात तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) सहज कापतात, म्हणून गळाच्या वर पोलादी तारेचा तुकडा लागतो. तो मी वाद्यांच्या दुकानातून घेतला. दुकानदारानं सतारीची तार पुढे केली आणि विचारलं, “स्वर कुठला लावता?” मी खरं सांगितलं. त्यानं तार गुंडाळून माझ्या हातात दिली आणि ‘पुढचे कोण?’ म्हणून माझ्या मागच्या माणसाकडे बघायला लागला. मागे कोणीच नव्हतं.

यानंतरचा मुक्काम आमच्या इमारतीची गच्ची. चमचा लांब फेकायचा सराव हवा ना. गळ काढून ठेवला होता, एवढी अक्कल होती. पहिले काही दिवस चमचा माझ्याच पायाशी पडायचा. मग एके संध्याकाळी असा सुंदर सुटला, असा सुंदर सुटला की कठडा ओलांडून थेट केबलच्या वायरीवर गेला आणि गरागरा गुंडाळला. मी चक्री ओढली. वायर आली, चमचा आला आणि सगळ्या इमारतीची चित्रं गेली. खालच्या मजल्यावरच्या पाटणकर वहिनी जिन्यात येऊन शांतपणे म्हणाल्या, “मेश्राम, मासा लागला असेल तर तेवढी आमची मालिका सोडा.”

हे सगळं मी रविवारी प्रज्ञाला सांगायचो, थोडं तिखटमीठ लावून. ती तिकडचं सांगायची. धुकं कसं पाण्यावरून सरकतं, होडी कुठल्या रंगाची आहे, कुठल्या खाडीत लव्हाळं दाट आहे. तासन् तास. माझ्या मनात ते तळं इतकं पक्कं झालं होतं की मला डोळे मिटून त्याचा काठ चालता आला असता. सकाळी दाढी करताना मी त्या काठानं चालत असायचो. ऑगस्टपर्यंत सगळं ठरलं, फक्त तिकीट काढायचं राहिलं होतं.

आणि मग एका रविवारी ती चमच्याबद्दल काही विचारेना. म्हणाली, “बाबा, तिकीट काढू नका. आमच्या कंपनीनं बरीच माणसं कमी केली. त्यात मी आहे. मी घरी येतेय.”

मी म्हणालो, “अरेरे.” सुलोचना म्हणाली, “ये गं बाई, ये. लवकर ये.” फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. पोरीची नोकरी गेली आणि बाप मनातल्या मनात तिची खोली झाडत होता.

प्रज्ञा आली. घरात पुन्हा तिची चप्पल दिसायला लागली. सुलोचनानं वांग्याचं भरीत, झुणका, जवसाची चटणी असा सपाटा लावला. पहिले दिवस मजेत गेले. मग मला दिसायला लागलं की पोरगी हसते, जेवते, आईच्या केसांना तेल लावून देते, पण खिडकीशी उभी राहिली की तिथे नसते. खराडीतल्या एका कंपनीनं तिला बोलावलं. आमच्या गच्चीवरून त्या कंपनीची काच दिसते. सुलोचना मला दोनदा वर घेऊन गेली, ती काच बघायला.

मी प्रज्ञाला म्हणालो, “चल, चमचे पाण्यात तरी घालून बघू.”

आमची जुनी स्कूटर काढली आणि नगर रस्त्यानं वाघोलीकडे निघालो. पूर्वी खराडीनंतर शेतं लागायची. आता सिमेंटच्या गाड्या, कॉलेजांच्या पाट्या आणि इमारती एवढंच लागलं. खाण सापडायलाही वेळ गेला, कारण तिच्या तिन्ही बाजूंना उंच इमारती झाल्या आहेत. चौथ्या बाजूला पत्र्याचं कुंपण आणि खुर्ची टाकून बसलेला एक राखणदार.

“कुनीकडं?” त्यानं विचारलं.

“गळ टाकायचाय थोडा वेळ. मासे आहेत का?”

“हायत की. चिलापी हाय बक्कळ. येखादी मरळबी दिसती. पर खाऊ नका बरं का, समद्या बिल्डिंगांचं पानी हितंच येतंया.”

“खायचा नाही,” प्रज्ञा म्हणाली. “धरून सोडायचाय.”

राखणदारानं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. त्यानं कुंपणाचा पत्रा बाजूला केला.

पाणी हिरवं होतं, कडेनं जलपर्णी. इमारतींचे वाळत घातलेले कपडे पाण्यात उलटे दिसत होते. आमचा जुना दगड तसाच होता. मी चमचा फेकला, तो जेमतेम जलपर्णीपर्यंत गेला. मग प्रज्ञानं काठी घेतली. तिनं मनगट नुसतं हलवलं, आणि तांब्याचा चमचा ऊन घेत घेत खाणीच्या पार मधोमध जाऊन पडला. आवाजसुद्धा झाला नाही.

“कधी शिकलीस गं हे?”

“शनिवारी जायचे ना. एकटीच. तुम्ही आलात की तुम्हाला दाखवता यावं म्हणून.” ती चक्री फिरवत होती. चमचा लचकत, चमकत जवळ येत होता, अगदी ठरवल्यासारखा. काठाशी आला तेव्हा त्याच्यामागे एक लांबट सावली होती. मरळ. ती क्षणभर थांबली, चमच्याकडे पाहिलं आणि वळून खोल गेली.

“गेली,” मी म्हणालो.

“आमच्याकडे आता लव्हाळं पिवळं पडलं असेल,” प्रज्ञा पाण्याकडे बघत म्हणाली. “सकाळी होडीवर दव असतं बाबा. बसायच्या आधी पुसून घ्यावं लागतं. आमच्याकडे या दिवसांत मासा असा वळून जात नाही.”

आमच्याकडे. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. माझ्या मात्र लगेच आलं. बोडीबद्दल बोलताना माझा आवाज असाच होतो, हे मला आत कुठेतरी ठाऊक होतं. तो दुसऱ्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो माझ्या पोरीच्या तोंडून.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “तिकडच्या एका दुसऱ्या कंपनीनं विचारलंय. या आठवड्यात कळवायचंय. पण मी खराडीचं घेते. तुम्ही दोघंच इथे, आईचे गुडघे…”

मला म्हणायचं होतं, घे. अगदी ओठांवर होतं. गच्चीवरून दिसणारी ती काच माझ्या डोळ्यांसमोर होती, संध्याकाळी तिची चप्पल दाराशी, ताटात तिसरी भाकरी. मी तारेचा तुकडा उगाच तपासत बसलो.

“मग माझ्या माशाचं काय?” मी म्हणालो.

“बाबा, मासा काय…”

“काय म्हणजे? कसब्याला खेपा घातल्या. सबंध बिल्डिंगची केबल तोडली. दुकानदार मला वेडा समजतो, तुझी आई तर समजतेच. आणि आता मी इथे सांडपाण्यात चिलापी धरू? तू तिकडे नसलीस तर मला ते तळं कोण दाखवणार? होडी कोण पुसणार? ते काही नाही. सप्टेंबर हुकला तर हुकला, पुढचा सप्टेंबर आहे. तू जा आणि जागा धरून ठेव.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला काय म्हणायचंय ते तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला कळलं होतं. तिनं काठी खाली ठेवली आणि माझ्या खांद्याला डोकं टेकलं, लहानपणी कंटाळली की टेकायची तसं. राखणदार लांबून ओरडला, “गावलं का काय?” मी हातानं नाही म्हटलं.

घरी सांगितल्यावर सुलोचना माझ्याशी बोलेनाशी झाली. भाकरी थापतानाचा आवाज तेवढा वाढला. प्रज्ञा आंघोळीला गेल्यावर ती पाठमोरीच म्हणाली, “धरली आणि सोडली. शिकलात बाप्पा तिकडची रीत, न जाताच.” जरा वेळानं पाहिलं तर ती डोळे पुसत जवसाच्या चटणीच्या पुड्या बांधत होती.

विमानतळ आमच्या घरापासून जवळ, नको इतका जवळ. दुपारचं विमान होतं. प्रज्ञानं एक चमचा आपल्या मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवला, दुसरा माझ्या खिशात घातला. विमानतळाच्या दाराशी सुलोचनानं तिचे गाल कुरवाळले, बोटं मोडली. मी ‘जय भीम, सांभाळून जा’ एवढंच म्हणालो. काचेपलीकडे ती एकदा वळली आणि मनगट नुसतं हलवलं, खाणीवर चमचा फेकताना हलवलं होतं तसं.

येताना आम्ही दोघं रिक्षात होतो. येरवड्याच्या चौकात डोक्यावरून एक विमान गेलं. सुलोचनानं मान बाहेर काढून ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं. तिचं असेल का, म्हणाली. मी म्हणालो, असेल.

तर असा हा प्रवास. घरी परत आलो आणि मासा अजून तिकडेच आहे. तांबं हवेनं काळवंडतं. कपाटाचा खण उघडला की चमचा काळसर दिसतो. मग मी चिंचेचा गोळा आणि मीठ घेऊन त्याला घासतो, खळग्याखळग्यातून, की तो पुन्हा लख्ख. आठवड्यानं पुन्हा काळा. मला त्याची तक्रार नाही. रविवारी फोन येतो, आणि आता आम्ही ‘जेवलात का’ विचारत नाही.

“बाबा, चमचा घासला का?”

“घासला. तुझा?”

“घासला. लिंबानं. इकडे चिंच मिळत नाही.”

गेल्या रविवारी एवढं बोलणं झालं तोच सुलोचनानं माझ्या हातातून फोन घेतला. “चिंच मी घेऊन येईन,” ती पडद्याला म्हणाली. “होडीत तिघं बसतात का, ते बघून ठेव.”